परलोकाचे भय आणि इहलोकीचे अपराध

हा विषय आम्हांस कोणत्याही ग्रंथाने सुचविलेला नाही; तो आमच्याच वर्गातील टेबलाच्या खणात उत्पन्न झाला. एका वर्षी सहलीसाठी जमविलेल्या वर्गणीतील तीनशे रुपये मधल्या सुट्टीत त्या खणातून नाहीसे झाले. सुट्टीत वर्गाबाहेरचे कोणी तेथे आले नव्हते, एवढे निश्चित होते. आम्ही दार लावून घेतले आणि रागाच्या भरात, आज जिची आम्हांस लाज वाटते अशी एक गोष्ट केली. भिंतीवरची सरस्वतीची तसबीर उतरवून टेबलावर ठेवली आणि प्रत्येकाने तिच्यावर हात ठेवून शपथ घ्यावी असे फर्माविले. खोटी शपथ घेणाऱ्याची मेल्यावर काय गत होते, हेही पुरेशा तिखटमिठासह ऐकविले. एकेक मूल पुढे येई, हात ठेवी आणि म्हणे, “सर, हांवें घेवंक ना, देवाची आण!” दोघा ख्रिस्ती मुलांनी गळ्यातील क्रूस हाती धरून तेच सांगितले. वर्गात छत्तीस मुले होती. छत्तीस शपथा बिनबोभाट पार पडल्या. कोणाचा हात थरथरला नाही, कोणाचा आवाज चिरकला नाही. आणि पैसे तर त्या छत्तिसांपैकीच एकापाशी होते!

त्या संध्याकाळी घरी परतताना जो प्रश्न आमच्या मनात घोळू लागला, तोच येथे वाचकांपुढे मांडतो. मृत्यूनंतर पापपुण्याचा झाडा द्यावा लागतो, ही श्रद्धा जगातील बहुतेक धर्मांत आहे. या श्रद्धेमुळे माणसाचा हात गुन्ह्यापासून खरोखरच मागे येतो काय? की शपथेपुरती जीभ तेवढी परलोकाचे नाव घेते आणि हात आपले काम करून मोकळा होतो?

प्रश्न फार जुना आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या आरंभीच केफालोस नावाचा एक धनाढ्य वृद्ध भेटतो. तो सॉक्रेटिसाला सांगतो की, पाताळातील शिक्षांच्या ज्या कथांना माणूस तरुणपणी हसतो, त्याच कथा मरण जवळ आले की त्याची झोप उडवितात. मग तो आयुष्याचा हिशेब मांडू लागतो आणि कोणाचे काही देणे राहिले असल्यास ते फेडू पाहतो. प्लेटोला या भयाचे महत्त्व वाटत असले पाहिजे; कारण ग्रंथाचा शेवटही त्याने एर नावाच्या योद्ध्याच्या कथेने केला आहे. हा एर मरून पुन्हा जिवंत होतो आणि परलोकातील न्यायनिवाडा पाहून आल्याचे सांगतो.

परंतु केफालोसच्या बोलण्यात एक मेख आहे, तिकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. भय वाटू लागले ते म्हातारपणी. गुन्हे मात्र मुख्यतः तरुणपणी घडतात. बेल्जियममधील संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले याने फ्रान्समधील न्यायालयांचे आकडे तपासून १८३१ साली दाखवून दिले की, गुन्ह्याकडे असलेला कल पंचविशीच्या सुमारास शिखर गाठतो आणि पुढे वयाबरोबर ओसरत जातो. वयाचा नेमका आकडा देशकालानुसार थोडाफार मागेपुढे होत असला, तरी पुढील अभ्यासकांनाही सामान्यतः हेच चित्र दिसले आहे. म्हणजे ज्या वयात हात चळतो त्या वयात यमलोक फार दूर असतो, आणि यमलोक जवळ येतो तेव्हा हाताची ताकदच ओसरलेली असते. आपल्याकडे गरुडपुराण वाचतात तेही घरात कोणी गेल्यानंतरच्या दिवसांत. श्रोतृवर्गात वयोवृद्ध अधिक. ज्याच्यासाठी ते ऐकणे उपयोगी ठरावे, तो नातू बहुधा अंगणात असतो.

नरकांच्या वर्णनात आपले पुराणकार कोणास हार जाणारे नव्हते. भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरक मोजले आहेत. दुसऱ्याचे धन हरण करणाऱ्यास तामिस्र. सोने व रत्ने चोरणाऱ्यास संदंश, तेथे तापलेल्या सांडसांनी कातडी ओढतात. दंडसंहितेत कलमे असावीत तशी ही अपराधवार वाटणी आहे. मात्र एक भेद लक्षात ठेवावा. आपल्या पुराणांतील नरक हा कायमचा मुक्काम नव्हे. भोग संपला की जीव पुन्हा जन्माला येतो. ख्रिस्ती व इस्लामी परंपरांत नरकाची कल्पना याहून निराळी आहे आणि त्यांच्यातही ती शिक्षा अनंत की सान्त यावर पंडितांचे वाद झाले आहेत. धर्मचिकित्सा हा आमचा विषय नाही. परलोकाची वही सगळीकडे सारखी नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे; पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता आमच्या वर्गातील शपथेकडे वळू. ही युक्ति आम्ही शोधून काढलेली नव्हे. राज्यकर्त्यांनी व न्यायाधीशांनी शतकानुशतके तीच वापरली आहे. इंग्लंडच्या न्यायालयात पूर्वी शपथ म्हणजे ख्रिस्ती शपथच. पुढे ओमिचंद नावाच्या कलकत्त्याच्या व्यापाऱ्याच्या खटल्यात हिंदू साक्षीदारांच्या जबान्या तेथे पोहोचल्या. ब्राह्मणाच्या पायाला हात लावून त्यांनी शपथ घेतली होती. ती ग्राह्य धरावी की नाही? १७४४ साली निकाल झाला की, साक्षीदार ख्रिस्ती नसला तरी चालेल. ईश्वर आहे आणि खोटी शपथ घेतल्यास तो शिक्षा करील, असा त्याचा विश्वास असला म्हणजे त्याची साक्ष घेता येईल. निकाल उदार होता, यात संशय नाही. परंतु त्याच्या मुळाशी जे गृहीत होते ते पाहा : ज्याला ईश्वरी शिक्षेचे भय नाही त्याच्या शब्दाला किंमत नाही. या गृहीताचा फटका पुढे चार्ल्स ब्रॅडलॉ या निरीश्वरवादी पुढाऱ्यास बसला. तो १८८० साली पार्लमेंटमध्ये निवडून आला, पण शपथेच्या वादापायी त्याला १८८६ पर्यंत आपली जागा रीतसर घेता आली नाही. १८८८ च्या कायद्याने अखेर शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञा करण्याची मोकळीक सर्वांना मिळाली.

हिंदुस्थानात मात्र ही सुधारणा त्याच्या जवळजवळ अर्धशतक आधी झाली, आणि तिचे कारण फार बोधक आहे. हिंदूंना गंगाजलाची व मुसलमानांना कुराणाची शपथ घ्यावयास लावल्याने न्यायकामात अडथळा येतो, असे सरकारला आढळून आले. म्हणून १८४० च्या पाचव्या कायद्याने या शपथा काढून त्यांच्या जागी साधी प्रतिज्ञा आणली. अडथळा कसा येत असावा, याची कल्पना करणे कठीण नाही. खरा भाविक गंगाजलाला हात लावावयास कचरतो. अनवधानाने एखादा शब्द चुकला तरी पाप लागेल, या भीतीने तो कचेरीची पायरीच चढत नाही. लबाड मात्र खुशाल ओंजळ पुढे करतो. चोर गाळावा म्हणून लावलेली चाळण सज्जनालाच गाळून टाकते! आज १९६९ चा शपथ कायदा लागू आहे. त्यात शपथ किंवा प्रतिज्ञा यांपैकी काहीही चालते, आणि न्यायालयात खोटी साक्ष देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. न्यायालयाने परलोकाचे काम स्वतःकडे घेतले, असेच म्हणावयाचे.

येथे कोणी म्हणेल, ‘सात वर्षे कोठे आणि सहस्र वर्षांचा नरक कोठे! मोठ्या शिक्षेचे भय मोठे असणारच.’ प्रथमदर्शनी हे पटते. परंतु मिलान येथील चेझारे बेक्कारिया याने १७६४ साली गुन्हे व शिक्षा यांवर जो छोटेखानी ग्रंथ लिहिला, त्यात या समजुतीचे मर्मच उघडे केले आहे. शिक्षा किती कठोर आहे, यापेक्षा ती चुकणार नाही व लवकर होईल, ही खात्री माणसाला अधिक आवरते, असे त्याचे प्रतिपादन. त्याच काळात इंग्लंडमध्ये कितीतरी अपराधांना फाशीची शिक्षा कायद्यात होती. वधस्तंभाशी धर्मोपदेशक उभा राही आणि नरकाग्नीची आठवण करून देई. आणि ते पाहावयास जमलेल्या गर्दीत खिसेकापू आपला धंदा बिनदिक्कत करीत! फास व नरक ही दोन्ही डोळ्यांसमोर असता बोटे दुसऱ्याच्या खिशात शिरत होती, यावरून कठोरपणाची मातब्बरी किती ते ओळखावे.

बेक्कारियाची कसोटी परलोकाला लावून पाहा. शिक्षा अत्यंत कठोर, हे खरे. भाविकाच्या दृष्टीने ती अटळ, हेही खरे. पण लवकर? चित्रगुप्ताची वही मरणापर्यंत उघडत नाही. आणि उधारीचा हिशेब दूरचा असला म्हणजे आज दुकानात शिरताना माणूस कचरत नाही.

याच्या उलट आमच्या गोव्यातील राखणदार पाहावा. गावच्या वेशीवर, कुळागराच्या कडेला किंवा जुन्या झाडाखाली त्याचे स्थान असते. खांद्यावर कांबळे, हातात दांडा. रात्री तो गावभर फिरतो आणि माड-पोफळींवर नजर ठेवतो, अशी समजूत. लोक त्याला रोट देतात, विडी ठेवतात. आमच्या लहानपणी परक्याच्या बागेतील पिकलेला फणस पाहून तोंडाला पाणी सुटे; पण ‘राखणो आसा’ एवढे दोन शब्द आम्हांस कुंपणाबाहेर ठेवावयास पुरत. तामिस्र नरकाचे नावही तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी फणसाच्या गऱ्यापुढे त्याचा टिकाव लागला असता, असे वाटत नाही. राखणदार मेल्यावर गाठीत नाही. तो आज रात्री, याच पाणंदीत गाठतो. बेक्कारियाने मिलानमध्ये बसून जे सांगितले, ते आमच्या खेडुतांनी न वाचताच अमलात आणले होते!

तथापि या भयाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. राखणदाराची धास्ती गावकऱ्याला. बाहेरून आलेल्या चोराला तो कोण हे माहीतच नसते. शिवाय कोणी तापाने फणफणला की ‘याने काही उचलले असेल’ अशी कुजबुज सुरू होते आणि निरपराध माणूस आजारासोबत बदनामीही भोगतो. शिक्षा आधी दिसते आणि मागाहून तिला साजेसा गुन्हा शोधला जातो. न्यायाची ही उलटी रीत होय.

हा झाला अनुभवाचा व इतिहासाचा भाग. गेल्या काही दशकांत समाजशास्त्रज्ञांनी व मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न मोजमापाच्या पद्धतीने सोडविण्याचा यत्न केला आहे. १९६९ साली ट्रॅव्हिस हर्शी व रॉडनी स्टार्क या अमेरिकन अभ्यासकांनी कॅलिफोर्नियातील चार हजारांहून अधिक शाळकरी मुलांची माहिती तपासली. चर्चमध्ये नियमाने जाणारी, मरणोत्तर जीवन व सैतान मानणारी मुले चोरी-मारामारीच्या बाबतीत इतरांहून काही निराळी दिसली नाहीत. निष्कर्षाने पुष्कळ खळबळ उडाली. पुढे अन्य ठिकाणच्या पाहण्यांत मात्र धर्मनिष्ठ मुले कमी गुन्हे करतात असे आढळू लागले, तेव्हा स्टार्क यांनीच आपल्या निष्कर्षाचा फेरविचार केला. १९८२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे प्रतिपादन केले, त्याचा मथितार्थ असा की, जेथे बहुतेक शेजारीपाजारी, मित्र, आप्त तीच श्रद्धा पाळतात तेथे ती मुलाला आवरते. जेथे ती एकट्याच्या मनात कोंडलेली असते तेथे तिचा प्रभाव पडत नाही. कॅलिफोर्निया हा दुसऱ्या प्रकारचा मुलूख होता. आम्हांस हा विचार फार मोलाचा वाटतो. श्रद्धा डोक्यात किती आहे यापेक्षा ती अंगणात किती आहे, हे पाहावे लागते.

दुसरा प्रयोग विद्यार्थ्यांना विशेष आवडेल, कारण तो परीक्षेतील लबाडीविषयी आहे. अझीम शरीफ व आरा नोरेन्झायन या मानसशास्त्रज्ञांनी तो २०११ साली प्रसिद्ध केला. विद्यापीठातील विद्यार्थ्यांना संगणकावर बेरजा सोडवावयास दिल्या आणि सांगितले की, यंत्रात थोडा दोष आहे. प्रश्न दिसताच अमुक कळ दाबली नाही तर उत्तर आपोआप पडद्यावर येईल, तेव्हा कृपया कळ दाबीत जा. दोष अर्थातच मुद्दाम ठेवलेला होता. ईश्वराला मानणारे व न मानणारे यांच्या लबाडीत विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो ईश्वर कसा मानला यात. तो शिक्षा करणारा आहे असे मानणाऱ्यांनी लबाडी कमी केली. तो प्रेमळ व क्षमाशील आहे असे मानणाऱ्यांनी अधिक.

याच शरीफ यांनी रेमतुल्ला यांच्यासह २०१२ साली ६७ देशांतील सुमारे १,४३,००० लोकांची मते आणि त्या त्या देशांतील गुन्ह्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. ज्या देशांत नरकावर विश्वास अधिक तेथे गुन्हे कमी, आणि नरकापेक्षा स्वर्गावरच विश्वास अधिक तेथे गुन्हे जास्त, असे त्यांना आढळले. वाचकांनी लगेच स्वर्गाला दोष देऊ नये! बेडूक ओरडतात आणि पाऊस पडतो; म्हणून बेडकांनी पाऊस पाडला असे होत नाही. शिवाय हे आकडे देशांचे आहेत, माणसांचे नव्हेत. एखाद्या वर्गाची सरासरी साठ गुण असली, म्हणून त्यातील अमुक मुलाला साठ गुण मिळाले असे कोणी म्हणेल काय? दारिद्र्य, विषमता, पोलिसांची कार्यक्षमता, गुन्ह्यांची नोंद होते की नाही, अशा शेकडो गोष्टी देशादेशांत निराळ्या असतात. अभ्यासकांनी त्यांतील काही हिशेबात धरल्या होत्या. सर्व धरणे कोणासच शक्य नाही.

तरीही वरील दोन्ही अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवितात, आणि तेथेच आम्ही मघाशी राखून ठेवलेला वह्यांचा भेद उपयोगी पडतो. परलोकाची वही ज्याला सहज पुसता येते असे वाटते, त्याला ती आवरीत नाही. अमेरिकेतील अटलांटा शहरातील ४८ सराईत गुन्हेगारांच्या मुलाखती २०१३ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांतील पुष्कळांचा ईश्वरावर व परलोकावर विश्वास होता. परंतु मागाहून क्षमा मागितली की भागते, किंवा आपल्या परिस्थितीत देव आपल्याला समजून घेईल, अशी त्यांनी मनाची सोय करून घेतलेली होती. आपल्याकडेही हीच सोय अजामिळाच्या कथेतून करून घेतात. मरताना मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारली आणि जन्मभराचे पाप जळाले, इथपर्यंत कथा सर्वांना पाठ असते. पण भागवतात ती तेथे संपत नाही. यमदूतांच्या हातून सुटलेला अजामिळ पश्चात्तापाने पोळतो, घरदार सोडून गंगाद्वारी जातो, तपाचरण करतो, आणि त्यानंतर त्याचा उद्धार होतो. हा उत्तरार्ध आम्ही सोयीस्करपणे विसरतो. मनुस्मृतीही किरकोळ चोरीला प्रायश्चित्त सांगते. परंतु आधी चोरलेली वस्तू परत करावी, असे त्याबरोबरच बजावते. कॅथलिक धर्मशिक्षणातही चोरीची कबुली दिली म्हणून चोरलेला माल पचत नाही. तो परत करण्याचे बंधन राहते. म्हणजे क्षमेची तरतूद करणाऱ्यांनी तिला पायरी ठेवली होती. पायरी काढून टाकली ती आम्ही.

आता वाल्या कोळ्याची कथा घ्या. ती आम्ही शेकडो वेळा सांगितली असेल, पण या विषयाच्या नादाने ती पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट प्रथमच ध्यानात आली. नारदांनी वाल्यापुढे नरकांची यादी वाचली नाही. त्यांनी त्याला घरी पाठविले. ज्यांच्यासाठी पापाचे रांजण भरले, ते त्यात वाटेकरी होतात काय, एवढेच विचारून ये म्हणाले. बायकामुलांनी ‘नाही’ म्हटले आणि वाल्याचे शस्त्र गळून पडले. ज्याला यमाचे भय आवरू शकले नव्हते, त्याला चुलीजवळच्या माणसांच्या एका शब्दाने आवरले.

आमच्या वर्गातील चोरीचा शेवटही असाच काहीसा झाला. शपथा झाल्यावर सर्वांचा संशय एका मुलावर गेला. त्याचे वडील मजुरी करीत. त्या महिन्यात त्याची सहलीची वर्गणी आली नव्हती. कोणी उघड बोलले नाही, पण त्याच्या बाकावर त्याच्याशेजारी बसेनासे झाले. आणि आम्ही स्वतःही त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहत होतो, हे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरीपटात तीनशे रुपये घडी करून ठेवलेले मिळाले. आठवड्याने एक वेगळाच मुलगा, चांगल्या घरचा, शाळा सुटल्यावर आमच्यापाशी आला. आम्ही विचारले, “तसबिरीवर हात ठेवताना भीती नाही वाटली?” तो म्हणाला, “तेव्हा नाही वाटली, सर. पण तो एकटा बसू लागला. चवथीला मी त्याच्या घरी जेवलो होतो. त्याची आई मला रस्त्यात दिसली, आणि मला तिच्याकडे बघवेना.”

त्याने त्या मित्राकडे जाऊन सर्व सांगितले. दोघे सहलीत एकाच बाकावर होते. जाताना मात्र तो दारात घुटमळला आणि त्याने विचारले, “सर, पैसे परत केले. पण ती खोटी शपथ घेतली, तिचे काय?”

आम्हांस उत्तर सुचण्यास वेळ लागला. शेवटी म्हणालो की, ती शपथ आम्ही घ्यावयास लावली होती, तेव्हा तिच्यात निम्मा वाटा आमचा धर. तसबीर त्याच संध्याकाळी भिंतीवर परत लावली. खिळा सैल झाला होता, तो त्यानेच ठोकून दिला.